विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता पुढे काय? नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही प्रणाली दहा वर्षं चालली आणि आजही असंख्य घरांत, दुकानांत, कार्यालयांत तीच चालू आहे. त्या दिवशी कुठलाच संगणक बंद पडला नाही. पडद्यावर फार तर एक सूचना आली, ती बहुतेकांनी बाजूला सारली आणि काम पुढे सुरू राहिलं. खरी अडचण इथेच आहे. काही बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे काही करायची गरजही वाटत नाही.

मी या बदलातून स्वतः गेलो आहे आणि आसपासच्या बऱ्याच जणांचे संगणक हलवायला मदत केली आहे. प्रत्येक वेळी गोंधळ त्याच चार-पाच ठिकाणी होतो. कोणी घाईघाईने अपग्रेडचं बटण दाबतो आणि फाइल्स गमावतो, कोणी चांगला चालणारा संगणक भंगारात काढतो, तर कोणी 'माझ्याकडे अँटिव्हायरस आहे' म्हणून निर्धास्त राहतो. माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: क्रम पाळा. आधी मुदत वाढवून घ्या, मग डेटा सुरक्षित करा, मग निर्णय घ्या आणि बदल सगळ्यात शेवटी करा.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं. विंडोज १० ला त्या आता आपोआप मिळत नाहीत. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड मात्र सारखा आहे. त्यामुळे ११ मधलं एखादं भोक बुजवलं गेलं, की ती दुरुस्ती तपासून हल्लेखोरांना कळतं की तेच भोक १० मध्ये कुठे उघडं असेल. म्हणजे दर महिन्याला धोका थोडा थोडा वाढत जातो.

२०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, अशाच न बुजवलेल्या भोकाचा जगभर फायदा घेतला. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांचे संगणक सापडले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या अनेक रुग्णालयांना त्या वेळी रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, तरी परिस्थिती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने अपवाद करून त्यासाठीही दुरुस्ती काढली. असा अपवाद पुन्हा होईल, या भरवशावर राहू नका.

अँटिव्हायरसबद्दल एक स्पष्ट करतो. विंडोजसोबतच येणाऱ्या 'डिफेंडर' या अँटिव्हायरसची व्हायरस ओळखण्याची यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत अद्ययावत होत राहणार आहे. ही चांगली गोष्ट आहे, पण ती प्रणालीतली भोकं बुजवत नाही. राखणदार जागा आहे, पण दाराची कडीच निखळलेली आहे, अशी ही अवस्था आहे.

सुरुवातीला हाताशी काय ठेवाल

- एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). तुमच्या सगळ्या फाइल्सच्या एकूण आकाराच्या निदान दीडपट जागा असलेली घ्या.
- किमान ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह. नवी प्रणाली बसवताना लागेल. त्यावरचं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात ठेवा.
- तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे याची खात्री.
- वही आणि पेन. पासवर्ड, किल्ल्या, प्रिंटरचा मॉडेल क्रमांक हे कागदावर असलं पाहिजे. संगणक अडकतो तेव्हा त्याच्यातच ठेवलेली नोंद उपयोगाची नसते.
- विकत घेतलेल्या प्रोग्रॅमच्या परवान्याच्या किल्ल्या किंवा खरेदीच्या पावत्यांचे ईमेल.
- लॅपटॉप असेल तर चार्जर. काम अर्ध्यात असताना बॅटरी संपणं फार महागात पडतं.
- सुट्टीचा एक पूर्ण दिवस. कामाच्या दिवशी संध्याकाळी 'तासाभरात उरकू' म्हणून सुरू करू नका.

## १. तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा आणि डावीकडे सगळ्यात खाली असलेलं 'अबाउट' दाबा. तिथल्या चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती आहे, प्रणाली ६४-बिट आहे की ३२-बिट, आणि आवृत्ती कोणती.

आवृत्तीच्या पुढे '२२एच२' असं दिसलं पाहिजे. विंडोज १० ची ही शेवटची आवृत्ती. त्याआधीची असेल तर आधी विंडोज अपडेट चालवून २२एच२ वर या, कारण पुढची मुदतवाढ फक्त याच आवृत्तीला मिळते.

३२-बिट दिसलं तर लक्षात ठेवा की विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. तिथे आहे त्याच प्रणालीवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने बसवावं लागतं. ज्या संगणकांवर अजून ३२-बिट आहे, ते बहुतेक इतर अटींतही बसत नाहीत.

## २. मुदत वाढवून घ्या

हा टप्पा बरेच जण गाळतात, कारण त्यांना तो माहीतच नसतो. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स', म्हणजे सुरक्षेच्या वाढीव दुरुस्त्यांची सोय ठेवली आहे. जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तोवर महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. नव्या सुविधा किंवा तांत्रिक मदत यात नाही.

सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्यात 'विंडोज अपडेट' उघडा. उजवीकडे किंवा वरच्या बाजूला नावनोंदणीची लिंक दिसेल. ती दाबल्यावर तीन पर्याय येतात:

- संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू करायचा. यासाठी पैसे लागत नाहीत.
- मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण वापरायचे.
- एकदाच ३० डॉलर, किंवा तुमच्या चलनातली त्याच्या आसपासची रक्कम भरायची.

कोणताही पर्याय घेतला तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावं लागतं, आणि ते खातं संगणकाचं प्रशासक (ॲडमिनिस्ट्रेटर) खातं असायला हवं. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय वापरता येते. कुटुंबात तीन-चार जुने संगणक असतील तर प्रत्येकासाठी वेगळा खर्च नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्यांसाठी अटी आणखी सैल आहेत, सेटिंग्जचा बॅकअप चालू न करताही तिथे ही सोय मोफत आहे.

इथला सापळा असा: मोफत पर्याय घेतला की वनड्राइव्ह तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही वर चढवायला सुचवतं. मोफत जागा फक्त ५ जीबी असते. ती भरली की 'जागा विकत घ्या' अशा सूचना सुरू होतात. मुदतवाढीसाठी फक्त सेटिंग्जचा बॅकअप पुरतो. फाइल्सच्या फोल्डरांपुढची बटणं बंद ठेवली तरी चालतं.

मुदतीच्या आत कधीही नोंदणी केली तरी मागच्या सगळ्या दुरुस्त्या मिळतात. म्हणून 'आता उशीर झाला' असं समजू नका. पण शेवटचा आठवडा येईपर्यंतही थांबू नका. या सोयीमुळे काही महिन्यांचा अवकाश मिळतो, तो पुढच्या टप्प्यांसाठी वापरायचा आहे.

कार्यालयाने दिलेला आणि कार्यालयाच्या यंत्रणेला जोडलेला संगणक असेल तर ही घरगुती सोय लागू होत नाही. संस्थांसाठी वेगळी, दरवर्षी महाग होत जाणारी योजना आहे. त्या संगणकाला तुम्ही हात लावू नका, तिथल्या संगणक विभागाला विचारा.

## ३. डेटा बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. बाकी कुठलीही चूक दुरुस्त करता येते, पुसलेला फोटो परत आणता येत नाही.

बाहेरची डिस्क जोडण्याआधी ती 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का ते बघा. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर वाचता-लिहिता येतं. जुन्या पेन ड्राइव्हवर 'फॅट३२' असतं, त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होता होता अडकतो, तो बहुतेक वेळा यामुळे.

आता सी ड्राइव्हवर 'युझर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर शोधा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, व्हिडिओज हे सगळं त्याच्यातच असतं. एकेक फोल्डर निवडत बसण्यापेक्षा अख्खा फोल्डर कॉपी करा. 'कट' कधीही करू नका. मध्येच वायर हलली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं.

एवढ्यावर थांबलात तर हमखास काहीतरी मागे राहतं. या जागाही तपासा:

- सी ड्राइव्हच्या थेट आत किंवा डी ड्राइव्हवर कोणीतरी बनवलेले फोल्डर. हिशेबाचे आणि बिलांचे जुने प्रोग्रॅम आपला डेटा बरेचदा इथेच ठेवतात. त्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची बॅकअपची सोय असेल तर तीही वापरा, नुसता फोल्डर कॉपी करून भागेलच असं नाही.
- आउटलुकचे ईमेल. 'पीएसटी' प्रकारच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांची पत्रं असतात.
- लपवलेला 'ॲपडेटा' फोल्डर. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली की दिसतो. स्टिकी नोट्स, ब्राउझरची प्रोफाइल, खेळांची प्रगती इथे असते.
- ब्राउझरमधले बुकमार्क. ते वेगळी फाइल म्हणून निर्यात करून घ्या.
- फोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप.
- नंतर बसवलेले फॉन्ट. जुनी कागदपत्रं विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असतील तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती वाचताच येणार नाहीत.

वनड्राइव्ह वापरत असाल तर आणखी एक बघा. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. अशा फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या आणि मग कॉपी करा. आणि वनड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असं मानू नका. ते दोन्हीकडे एकसारखं ठेवतं. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

कॉपी झाल्यावर मूळ फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा, तसंच कॉपीचंही बघा. फाइल्सची संख्या आणि आकार जुळायला हवा. ॲपडेटामध्ये थोडा फरक येऊ शकतो, कारण त्यातल्या काही फाइल्स त्या क्षणी वापरात असतात. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये मात्र तंतोतंत जुळलं पाहिजे. त्यानंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि वेगवेगळ्या वर्षांतल्या दहा-बारा फाइल्स उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला असं धरा.

मग ती डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही खंडणीखोर व्हायरस कुलूपबंद करतो. ज्या फाइल्स गमावणं अजिबात परवडणार नाही, त्यांची आणखी एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा विश्वासातल्या माणसाकडे असू द्या.

कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा एकेका फाइलला मिनिटं लागत असतील, तर अख्खा फोल्डर घेण्याचा आग्रह सोडा. सगळ्यात मोलाच्या फाइल्स आधी काढा. ती डिस्क मरणपंथाला लागली आहे.

## ४. किल्ल्या आणि पासवर्ड

बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आधीपासूनच कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. प्रो आवृत्तीत याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये काही बदललं, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली जाते: सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा नाही, आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवालाही नाही.

म्हणून आत्ताच तपासा. दुसऱ्या उपकरणावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करा, उपकरणांच्या यादीत तुमचा संगणक निवडा आणि तिथे रिकव्हरी की बघा. ती कागदावर उतरवा. एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर सोबतचा ओळख क्रमांकही लिहा, कारण निळ्या पडद्यावर तोच क्रमांक दाखवून 'याची किल्ली द्या' असं विचारतात. संगणक घेताना दुकानातल्या कोणी स्वतःच्या खात्याने चालू करून दिला असेल, तर किल्ली त्या खात्यात असू शकते. डिस्क उघडत असतानाच हे सोडवून घ्या.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फाइल करून काढता येतात, पण ती फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं. त्याऐवजी ब्राउझरचं खातं जोडून सिंक करा किंवा पासवर्ड मॅनेजर वापरा. फाइल काढलीच तर काम होताच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

काही प्रोग्रॅमचे परवाने ठरावीक संगणकांपुरते असतात. जुन्या संगणकावर 'डीॲक्टिव्हेट' केल्याशिवाय नव्यावर चालत नाहीत. ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे, म्हणजे हा निर्णयही सोबतच घ्यायचा आहे.

## ५. संगणक विंडोज ११ ला चालेल का?

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन डाउनलोड करून चालवा. ते कुठली अट अडते ते सांगतं. मुख्य अटी अशा:

- यादीत असलेला ६४-बिट प्रोसेसर. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे, एएमडी रायझनचे साधारण २००० मालिकेपासूनचे.
- ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. ४ जीबीवर विंडोज ११ बसतं, पण काम करताना जीव मेटाकुटीला येतो. ८ जीबी धरून चाला.
- यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणालीच चालू देणारी सोय).
- टीपीएम २.०, म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप.

शेवटच्या अटीपाशी 'नाही' दिसलं म्हणून लगेच हार मानू नका. जुलै २०१६ च्या अखेरीपासून बाजारात आलेल्या नव्या विंडोज मॉडेल्सना टीपीएम २.० ठेवणं मायक्रोसॉफ्टने बंधनकारक केलं होतं. सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकांत ती सोय असते, पण बरेचदा बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये इंटेलच्या संगणकावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या संगणकावर 'एफटीपीएम' या नावाने शोधा आणि चालू करा.

हे करण्याआधी दोन गोष्टी. डिस्क कुलूपबंद असेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करा. होम आवृत्तीवर सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. आणि संगणक जुन्या 'लेगसी' पद्धतीने सुरू होत असेल तर बायोसमध्ये नुसतं यूईएफआय निवडू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्कची मांडणी 'एमबीआर'वरून 'जीपीटी'वर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एक साधन आहे, पण ते कमांड टाइप करून चालवायचं असतं. याची सवय नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र त्यावर सेटिंगचा उपाय नाही. टप्पा ७ वर जा.

## ६. चालत असेल तर: अपग्रेड

अधिकृत विंडोज १० वरून ११ वर जाण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि नवी किल्लीही लागत नाही. परवाना संगणकाच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो. कोणी 'विंडोज ११ ची स्वस्त किल्ली' विकत असेल तर घेऊ नका.

विंडोज अपडेटमध्येच अपग्रेडचा पर्याय दिसत असेल तर तोच सगळ्यात सोपा. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घ्या. दुसऱ्या कुठल्याही साइटवरून विंडोज उतरवू नका.

सुरू करण्याआधी सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी करा, चार्जर लावा आणि प्रिंटर, बाहेरच्या डिस्क, पेन ड्राइव्ह सगळं काढा. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढून टाका. 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' असा पर्याय समोर आला तर तोच निवडलेला आहे ना, ते डोळ्यांनी बघा. संगणक तीन-चार वेळा बंद होऊन सुरू होईल आणि एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थांबल्यासारखा वाटेल. बटण दाबून बंद करू नका.

झाल्यावर पहिल्या दहा दिवसांत परत विंडोज १० वर जाता येतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. जुनी प्रणाली त्या काळात 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये असते. जागा खाते म्हणून लोक तो फोल्डर डिस्क क्लीनअपमधून उडवतात आणि मग परतीचा रस्ता बंद होतो. दहा दिवस तो तसाच राहू द्या आणि तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचा प्रोग्रॅम, व्हिडिओ कॉल हे सगळं एकदा वापरून बघा.

## ७. चालत नसेल तर

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत प्रणाली. ब्राउझर, ईमेल, कागदपत्रं, व्हिडिओ एवढंच काम असेल तर माझी पहिली शिफारस ही. विंडोजची सवय असलेल्यांना 'लिनक्स मिंट' सगळ्यात ओळखीचं वाटतं. त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ४ जीबी रॅमवर ते बरं चालतं. लिबरऑफिस, फायरफॉक्स सोबतच येतात.

त्याची सगळ्यात चांगली गोष्ट अशी की न बसवता वापरून बघता येतं. 'रूफस' किंवा 'बलेना एचर' या साधनाने पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून संगणक सुरू करा. विंडोजला धक्का लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रिंटर, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तपासा. पेन ड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

फोटोशॉप, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती, काही ऑनलाइन खेळ आणि फक्त विंडोजसाठी बनलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत. तुमचं पोट त्यांच्यावर असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

बसवताना 'इरेज डिस्क' हा पर्याय अख्खी डिस्क पुसतो. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याचा प्रयोग नवख्यांनी करू नये. त्याऐवजी जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवा आणि तिच्यावर लिनक्स टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी शाबूत राहते आणि फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर आलेला संगणक ओळखू येऊ नये इतका चपळ होतो.

अटी डावलून विंडोज ११. तपासणी चुकवून बसवण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. मी नवख्यांना त्या सुचवत नाही. अशा संगणकांना अपडेट मिळतील याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती पुन्हा हाताने बसवावी लागते. आणि २४एच२ आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा (इन्स्ट्रक्शन्स) त्या प्रोसेसरला कळत नाहीत.

इंटरनेटपासून तोडून वापर. एखादं यंत्र, जुना स्कॅनर किंवा प्रयोगशाळेतलं उपकरण फक्त याच संगणकावर चालत असेल तर त्याची नेटवर्क केबल काढा, वाय-फाय बंद करा आणि तो तेवढ्याच कामाला ठेवा. अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत 'क्लोनझिला' या साधनाने काढून ठेवा. त्या प्रोग्रॅमची सीडी किंवा ड्रायव्हर (उपकरण संगणकावर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा मिळेलच असं नाही.

नवा संगणक. बॅटरी, बिजागरी, पडदा सगळंच जीर्ण झालं असेल तर घ्या. पण फक्त विंडोजच्या तारखेमुळे घेणार असाल तर आधी वरचे पर्याय बघा.

## ८. घाबरवणाऱ्यांपासून सावध

सपोर्ट संपल्याची बातमी फसवणूक करणाऱ्यांनाही माहीत आहे. 'तुमचं विंडोज कालबाह्य झालंय, या क्रमांकावर फोन करा' असा अख्खा पडदा व्यापणारा संदेश ब्राउझरमध्ये आला तर तो खोटा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो आणि तिथून कोणी स्वतःहून फोन करत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. दूरवरून संगणक हाताळण्याचं ॲप कोणाच्याही सांगण्यावरून बसवू नका. बसवलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला.

'ड्रायव्हर अपडेटर' नावाची साधनंही टाळा. ड्रायव्हर हवा असेल तर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून घ्या.

## ९. जुना संगणक देण्याआधी

नव्या व्यवस्थेवर दोन-तीन महिने काम करा. या काळात जुन्या डिस्कला हात लावू नका. मागे राहिलेली फाइल आठवते ती बहुधा वर्षातून एकदाच लागणारी असते.

त्यानंतर संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर फाइल्स 'डिलीट' करून किंवा नुसतं फॉरमॅट करून भागत नाही, त्या परत काढता येतात. सेटिंग्जमधून 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि पुढे सेटिंग्ज बदलून 'क्लीन डेटा' चालू करा. फिरत्या डिस्कवर याला कित्येक तास लागतात. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या साधनातला 'सिक्युअर इरेज' वापरा. एसएसडीवर पुन्हा पुन्हा लिहून पुसण्याने फायदा कमी आणि झीज जास्त होते. डिस्क सुरूच होत नसेल तर ती संगणकासोबत देऊ नका, काढून ठेवा.

संगणक हातावेगळा झाला की मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून तो काढा, तसंच गूगल आणि इतर खात्यांतून त्याचं साइन इन बंद करा. बिटलॉकरची जुनी किल्ली मात्र तुमच्या वहीत राहू द्या. ती डिस्क अजून तुमच्याजवळ असेल तर तिची गरज पुन्हा पडू शकते.